एकतीस दगडांचा वाफा

१० मार्च, मंगळवार

मे महिन्यात टिलसन शहराला शंभर वर्षं पुरी होतात, आणि शहराचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. खोटं कशाला लिहू, ते मीच ओढून घेतलं. बेचाळीस वर्षं शाळेच्या कचेरीत बसले, इथल्या निम्म्या लोकांची उशिरा येण्याची कारणं मला पाठ आहेत. माझ्याशिवाय कोण लिहिणार? हात चालता राहावा म्हणून ही वही सुरू केली. हार्लन असता तर म्हणाला असता, "एलोइस, बोलतेस तेवढं पुरे नाही का?" त्याला जाऊन चार वर्षं झाली. घरात मला गप्प करणारं आता कुणी नाही.

सुशोभन समितीची अध्यक्षही मीच. अटलांटाहून येणाऱ्या रस्त्यावर आपल्या शहराची पाटी आहे. तिच्या एका बाजूला टायरचं दुकान, समोर तळलेल्या कोंबडीचं, आणि पाटीखाली वाळकं गवत. ८ मे ला राज्याची पुरस्कार समिती येणार आहे. गेल्या वर्षी शेजारच्या गावानं एक टीचभर कारंजं उडवून बक्षीस नेलं. यंदा मी ते नेऊ देणार नाही. पाटीखाली गोल वाफा करायचा, कडेला दगड, आत फुलं. विकतचे एकसारखे दगड नकोत. इथल्याच मातीतले हवेत.

१४ मार्च, शनिवार

दगड मिळाले! पाण्याच्या टाकीमागच्या उतारावर, देवदारांखाली, नुसते पडून होते. एकतीस. कुणी विचारत नाही, कुणी बघत नाही. दर मे महिन्यात तिथे मिशिगनच्या नंबरपाट्या लावलेल्या गाड्या उभ्या असतात, माणसं खुर्च्या मांडून जेवतात. सहलीला जागा बरी आहे म्हणा, सावली आहे.

पालिकेचा लॅमार ट्रॅक्टर घेऊन आला होता. कामाला चोख, पण शंका फार. म्हणाला, "मिसेस टिडवेल, हे नुसते पडलेले वाटत नाहीत हो. अर्धेअधिक रुतलेत."

मी म्हटलं, "शंभर वर्षं एका जागी राहिलास तर तूही रुतशील. उचल."

त्यानं उचलले.

१७ मार्च, मंगळवार

दोन दिवस दगड घासतेय. प्रत्येक दगड वरून करडा आणि खालून मातीनं काळा, मधे आखल्यासारखी रेघ. ब्लीच आणि तारेचा ब्रश घेऊन सगळ्या रेघा घालवल्या. गुडघे बोलायला लागलेत, पण दगड नवे दिसतात. एकावर कुणी तरी ओरखडे काढलेत, इंग्रजी ई सारखे. ती बाजू आत फिरवली. सगळ्यांत छोटा दगड जेमतेम पावाएवढा आहे, माझा लाडका. तो अगदी पुढे, पाटीच्या पायाशी ठेवला. त्यावर हार्लननं फ्लोरिडाहून आणलेला चिनी मातीचा हिरवा बेडूक बसवला. घरात तो बेडूक नुसता माझ्याकडे बघत बसतो. इथे चार लोक तरी बघतील.

मी मातीत हात घालून बसले होते तेव्हा ओली मे गेदर आली. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं होती. तिच्या हातच्या पीचच्या गोड 'पाय'साठी मास्तरमंडळी पुन्हा रांगेत उभी राहायची. आता शहाऐंशीची आहे, काठी घेऊन चालते. बराच वेळ उभी राहिली.

"मिसेस टिडवेल, हे टाकीमागचे दगड ना?"

"बरोब्बर ओळखलंस!"

"ते तिथेच बरे होते."

"ओली मे, बदल अंगवळणी पडायला वेळ लागतो गं," मी म्हटलं आणि तिला थर्मासमधला गार गोड चहा देऊ केला. तिनं घेतला नाही. साखर वर्ज्य असेल.

२५ मार्च, बुधवार

वाफा फुललाय. पिवळी, जांभळी, मधे लाल. आणि गंमत म्हणजे ओली मे रोज येते! समोरच्या बसथांब्याच्या बाकावर सकाळी नऊला बसते, दुपारी उठते. बस तर दहानंतर येतच नाही, म्हणजे फुलांसाठीच येत असणार. ओठ हलत असतात तिचे. फुलं मोजते की प्रार्थना म्हणते, कोण जाणे. गुडघ्यावर एक पाकीट असतं, त्यावर पेन्सिलीनं गोल गोल काही काढते. चित्रकलेची आवड असेल हे मला कधी वाटलं नव्हतं. आधी नाक मुरडलं, आणि आता बघा.

फक्त माझा बेडूक कुणी तरी हलवतं. आज गवतात ठेवलेला सापडला.

६ एप्रिल, सोमवार

काल ईस्टर. चर्चमध्ये सातजणींनी वाफ्याचं कौतुक केलं. येताना बघते तर बेडूक पुन्हा खाली. मोडतोड नाही, नुसता उचलून, नीट तोंड वळवून ठेवलेला. इतका सभ्य चोर मी पाहिला नाही. आज बांधकामाचा डिंक आणला आणि बेडूक दगडावर पक्का चिकटवला. वादळ आलं तरी हलणार नाही असं डब्यावर लिहिलंय. आता बघू.

१६ एप्रिल, गुरुवार

पुस्तकाचं नववं पान झालं. "शहराचा उत्तरेकडील उतार पाण्याची टाकी होईपर्यंत निर्जन होता." छान वाक्य आहे. महापौर बडी क्रेनशॉला वाचून दाखवलं, त्यानं मान डोलावली. पाचवीत असतानाही तो न ऐकता अशीच मान डोलवायचा.

'जुन्या आठवणी' या सदरात ओली मेला अर्धं पान द्यावं असं मनात आलं. बाकावर जाऊन विचारलं.

"अर्ध्या पानात माझं काय मावणार, मिसेस टिडवेल?" ती म्हणाली. स्वभावानं किती साधी आहे. मग पाटीकडे बघत म्हणाली, "बेडूक चिकटवलात?"

"हो. आता कुणाची हलवायची हिंमत नाही."

त्यावर ती उठली आणि घरी गेली. अजून साडेनऊही वाजले नव्हते. ऊन सोसत नसेल.

२७ एप्रिल, सोमवार

हे लिहायला बसून तास झाला.

वाफ्याच्या कडेनं काही तरी पसरणारं हवं होतं. टाकीमागे निळ्या फुलांची वेल जमिनीवर दाट वाढलीय हे मला आठवत होतं. सकाळी फावडं आणि पोती घेऊन गेले. पहिला घाव घालणार, तर पाय खड्ड्यात गेला. जिथून दगड काढला होता तो खड्डा. पलीकडे दुसरा. त्याच्या रेषेत तिसरा. मी आपली उभी राहून बघत होते. ओळी होत्या. प्रत्येक खड्ड्यापुढे माणसाच्या लांबीएवढी जमीन खचलेली, सगळ्या एकाच दिशेला. पूर्वेला पाय.

मला ही वेल माहीत आहे. मला हे देवदार माहीत आहेत, थडग्यांपाशी लावतात ते. माझ्या आईनं मी सहा वर्षांची असताना आमच्या दफनभूमीत हात धरून सांगितलं होतं, ही वेल रानात आपोआप दिसली तर तिथे नांगर घालायचा नाही, खाली कुणी तरी असतं. आमच्याकडे संगमरवर होता. ज्यांच्याकडे संगमरवराला पैसे नव्हते ते काय लावत असतील, हा विचार बहात्तर वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आला नाही.

मी ब्लीचनं घासले ते. तारेच्या ब्रशनं.

२८ एप्रिल, मंगळवार

ओली मे बाकावर होती. मी शेजारी बसले. काय बोलायचं ते रात्रभर पाठ केलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना.

"ते थडग्यांचे दगड आहेत," मी म्हटलं.

"हो."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, आणि त्याचंच जास्त लागलं. "पहिल्याच दिवशी सांगितलं, मिसेस टिडवेल. तुम्ही मला चहा दिलात."

मग तिनं सगळं सांगितलं. टाकीच्या आधी त्या उतारावर त्यांचं, शहरातल्या काळ्या लोकांचं, बेथेल चर्च होतं. जळलं, मग रुळांपलीकडे बांधलं. मेलेल्यांना मात्र उचलून नेता आलं नाही. दगड गेले त्याच आठवड्यात ती नगरपालिकेत गेली होती. तिथल्या मुलीनं तिला एक फॉर्म दिला. त्यात मालकीचा पुरावा जोडायचा होता.

"मग रोज इथे येऊन बसायचं कशाला?"

"तुम्हाला फेरबदलाची हौस फार. उद्या दोन उचलून दुसऱ्या वाफ्याला लावलेत तर मी कुठे शोधू? म्हणून रोज हजेरी घेते." तिनं पाकीट पुढे केलं. त्यावर वाफ्याचा गोल होता, आणि दगडांपाशी एकेक नाव. "तो ई आहे ना, तुम्ही आत फिरवलाय तो? माझे पणजोबा, एझ्रा. त्यांच्या मुलानं खिळ्यानं कोरला. पुढची अक्षरं त्याला येत नव्हती."

दर वर्षी मे च्या दुसऱ्या रविवारी तिची आई सगळ्या पोरांना ओळीतून चालवायची आणि प्रत्येक दगडापाशी नाव मोठ्यानं म्हणायला लावायची. नाव चुकलं तर जेवण नाही. या दहा तारखेला मिशिगनमधल्या डेट्रॉइटहून तिची माणसं येणार आहेत, आणि दाखवायला एक दगड नाही.

"तीस नावं आहेत," ती म्हणाली. मी मोजले होते, म्हणून म्हटलं, "एकतीस दगड आहेत." ती म्हणाली, "असतील." वय झालंय, एखादं विसरणारच. बेडूक कोण हलवत होतं तेही विचारलं. "मीच," एवढंच म्हणाली. एवढ्या सगळ्यात तिला बेडकाचं काय पडलं होतं ते मी विचारलं नाही.

"दहा तारखेच्या आत सगळे परत जागेवर असतील," मी सांगितलं.

"बघू या," मिसेस गेदर म्हणाल्या.

३० एप्रिल, गुरुवार

बडीकडे गेले. तो ऐकता ऐकता पांढरा पडला, पण दगडांमुळे नाही.

"मिस एलोइस, आठ तारखेला समिती येतेय. ती जाऊ दे, मग सोमवारी काय हवं ते करा."

"माणसं रविवारी येणार आहेत."

"मग त्यांना चार शब्द सांगू की. कामगारांकडून चूक झाली म्हणावं. लॅमारला मी समजावतो."

"लॅमारनं मला सांगितलं होतं हे रुतलेत म्हणून. मी त्याची थट्टा केली."

"हे सगळ्यांसमोर बोलायची काही गरज आहे का?"

त्याच्या आईला मी एकदा त्याच्या खोट्या चिठ्ठीबद्दल फोन केला होता, त्याची आठवण करून दिली आणि निघाले. पालिकेच्या सोमवारच्या सभेत बोलण्यासाठी नाव नोंदवलंय. तीन मिनिटं मिळतात.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. या शहरात मला आजवर कुणी चूक म्हटलेलं नाही. निदान माझ्या तोंडावर नाही.

४ मे, सोमवार

सभागृह भरलं होतं, शंभरीच्या मिरवणुकीचा विषय होता म्हणून. माझ्या चर्चमधल्या सातहीजणी पुढच्या रांगेत. मागे मिसेस गेदर, निळी टोपी घालून.

मी माइकसमोर उभी राहिले आणि सांगितलं की पाटीखालचा वाफा ज्या दगडांचा आहे ते बेथेलच्या थडग्यांवरचे दगड आहेत, ते मी काढायला लावले, लॅमारनं शंका काढली होती आणि मिसेस गेदर यांनी मला तोंडावर सांगितलं होतं, दोघांचंही मी ऐकलं नाही. बुधवारी सकाळी मी ते परत न्यायला सुरुवात करणार आहे. पालिकेचा ट्रॅक्टर मिळाला तर बरं, नाही तर माझ्या गाडीची डिकी मोठी आहे.

एक सदस्य म्हणाला, "पण मॅडम, तिथे थडगी आहेत याचा कागद कुठेय?"

मी म्हटलं, "कागद माझ्याकडे आहे. मी लिहिलेलं पुस्तक. त्यात तो उतार निर्जन होता असं छापून येणार आहे. या शहराच्या कागदाची किंमत एवढीच."

तीन मिनिटांची घंटा झाली. माझ्या सातजणींपैकी दोघींनी माझ्याकडे बघितलं, पाचजणी पर्समध्ये काही तरी शोधत होत्या. शोधू देत.

६ मे, बुधवार

सकाळी सातला लॅमार ट्रॅक्टर घेऊन हजर. "महापौरांनी पाठवलं?" विचारलं तर म्हणाला, "आज माझी सुट्टी आहे. ट्रॅक्टरनंही घेतली."

फुलं उपटताना हात जड झाला, नाही म्हणणार नाही. मिसेस गेदर यांना उतारावर खुर्ची दिली, पण बसल्या नाहीत. देवदाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि चालायला लागल्या. "सात पावलं, एझ्रा. त्यांच्या डावीकडे सिनी, त्यांची बायको. दोन पावलं, सीफस, त्याला रेल्वेनं मारलं." प्रत्येक वेळी काठी टेकायच्या तिथे खड्डा सापडायचा. लॅमार दगड आणायचा, मी माती लोटायची.

कुठली बाजू खाली, हा घोळ होता. मातीची रेघ असती तर लगेच कळलं असतं.

"फार स्वच्छ घासलेत हो तुम्ही," त्या म्हणाल्या.

लॅमार हसला. मग त्याही हसल्या. मला हसू आलं नाही, पण मी माती लोटत राहिले. दुपारी त्यांनी स्वतःच्या डब्यातली भरलेली अंडी आणि तळलेली कोंबडी आम्हाला वाढली. मी थर्मास काढला. या वेळी त्यांनी चहा घेतला. एक घोट पिऊन म्हणाल्या, "साखर कमी आहे." तीस वर्षं मला वाटत होतं मी चहा चांगला करते.

८ मे, शुक्रवार

तीस दगड लागले. समिती आली, पाटीखाली उघड्या मातीचा गोल बघून काही तरी टिपून घेतलं आणि पंधरा मिनिटांत गेली. बडी माझ्याशी बोलत नाही. छापखान्यात जाऊन नववं पान काढायला लावलं. नव्या पानावर उताराचं नाव, बेथेलचं नाव आणि पाकिटावरची सगळी नावं येतील. छापणारा म्हणाला आता पान बदललं तर पुस्तक शंभरीच्या दिवशी मिळणार नाही. मी म्हटलं, शंभर वर्षं थांबलेत, आणखी दोन आठवडे थांबतील.

एकतिसावा दगड माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. पावाएवढा. बेडूक निघत नाही. गरम पाणी, सुरी, छिन्नी, सगळं झालं. जोर केला तर दगडाचा टवका उडतो. आणि त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. उतारावर पहिल्या ओळीच्या टोकाला एकच खड्डा रिकामा राहिलाय, अगदी छोटा. मिसेस गेदर तिथपर्यंत चालत गेल्या आणि तिथून वळल्या.

१० मे, रविवार

मिशिगनच्या अकरा गाड्या होत्या. मी दूर उभी राहणार होते. दगड टॉवेलात गुंडाळून आणला होता, तो लॅमारकडे देऊन निघून यायचा बेत होता. पण मिसेस गेदर यांनी काठीनं खूण केली.

आधी सगळी माणसं ओळीतून चालली. पुढे पोरं, मागे म्हातारे. प्रत्येक दगडापाशी थांबायचं, नाव मोठ्यानं म्हणायचं, फूल ठेवायचं. एका मुलीनं सीफसला सायरस म्हटलं तर सगळ्यांनी एकदम तिला जेवणाची धमकी दिली. तीस नावं झाली. माणसं खुर्च्यांकडे, डब्यांकडे वळली. मिसेस गेदर तशाच उभ्या होत्या, त्या छोट्या खड्ड्यापाशी.

मी टॉवेल सोडला. लाजेनं मला वर बघवेना. "निघाला नाही हो बेडूक. खूप प्रयत्न केला. मी कारागीर बघते, पुढच्या आठवड्यात..."

त्या दगडाकडे बघत राहिल्या. मग बेडकाच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"माझी पहिली मुलगी," त्या म्हणाल्या. "मी एकोणीस वर्षांची होते. दोन दिवस होती ती. आईनं हिचं नाव ओळीत घेतलं नाही, मला त्रास होईल म्हणून. मग मीही कधी घेतलं नाही."

 मी तिच्यावर बेडूक चिकटवला होता, वादळातही हलू नये म्हणून. आणि ही बाई रोज नऊ वाजता येऊन तो उचलून गवतात ठेवत होती, तोंड नीट वळवून.

"तोडून काढते," मी म्हटलं. "आत्ता. लॅमारकडे हातोडी आहे."

"नको. राहू दे." त्यांनी डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहत होते. "सदुसष्ट वर्षांत तिला कुणी खेळणं आणलं नव्हतं. हात दे, एलोइस, मला खाली बसायचंय."

मी हात दिला. दोघी गुडघ्यांवर बसलो, दोघींचे गुडघे वाजले. दगड खड्ड्यात बरोबर बसला. मी माती लोटली, त्यांनी थापली.

"आता नाव घ्यायचं," त्या म्हणाल्या. "पर्ल. आधी तू म्हण, मला जमतं का बघते. मोठ्यानं म्हण."

मी मोठ्यानं म्हटलं. खुर्च्यांवरची माणसं वळून बघायला लागली. मग त्यांनी म्हटलं.

पुस्तकात एक नाव वाढवायचं आहे. उद्या सकाळी छापखाना उघडायच्या आधी दारात उभी राहीन.